गॅरंटी देणारी बाई

मृगाच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आमच्या धंद्यात सगळ्यात धामधुमीचे. बियाणं, खतं, औषधं विकणाऱ्या कंपन्यांची जाहिरात लातूर, धाराशिव, नांदेडच्या खेड्यापाड्यांत पोचवायची, हे माझं काम. भिंती रंगवण्यापासून सुरुवात केली. मग जीपवर भोंगा आला, आठवडी बाजारातली पत्रकं आली, व्हॉट्सॲपचे ग्रुप आले. आता पुण्यातले मॅनेजर लोक फोनवर हालहवालही न विचारता थेट मुद्द्यावर येतात : "एआय कॉलिंग कधी लावताय?"

म्हणजे शेतकऱ्याला फोन यंत्रानंच लावायचा. मराठीत बोलायचं, शंका ऐकायची, तिथल्या तिथं उत्तर द्यायचं, आणि गडी तयार झाला तर जवळच्या दुकानात त्याच्या नावानं पिशव्याही बुक करून टाकायच्या. निवडणुकीत येतो तसला रेकॉर्ड केलेला आवाज नव्हे हा. समोरचा काय म्हणतोय ते ऐकून पुढं काय करायचं ते आपलं आपण ठरवणारं सॉफ्टवेअर. एआय एजंट म्हणतात तो हाच.

लोक त्याला कसं घेतात याच्यावर सध्या ढिगानं लिहिलं-बोललं जातं. लोक घाबरलेत म्हणे, लोक भारावलेत म्हणे. मी ते औसा तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर बसून ऐकलंय, आणि तिथं या दोन्हीपैकी काहीच नव्हतं.

दुकानात चार माणसं होती. त्यातल्या सत्तरीच्या एका काकांचा फोन वाजला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"नमस्कार दादा! यंदा सोयाबीनची पेरणी कधी करताय?" गोड, स्वच्छ, शहरी मराठी.

"पाऊसच न्हाई तर काय पेरावं बाई? तुमच्याकडं झाला का?"

त्यावर हवामानाचा अंदाज आला, तोही तालुक्यासकट. काका खूश. "बरं, तुमी कोण्या गावच्या?"

"मी आपली कृषी सहाय्यक बोलतेय."

"ते कळलं. गाव कोणतं?"

गाव काही आलं नाही, वाणाची माहिती आली. दुकानातली माणसं हसायला लागली. काकांनी हातानंच सगळ्यांना गप केलं आणि शेवटी खरा प्रश्न टाकला. "आन् उगवलं न्हाई तर?"

"काळजी करू नका दादा. आमच्या बियाण्याची शंभर टक्के उगवण होते. न झाल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल."

काकांनी फोन तसाच काउंटरवरून दुकानदाराकडं सरकवला. "घ्या मालक. तुमची बाई गॅरंटी द्यायलीय. तेवढी बिलावर लिहून द्या."

दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. तो या धंद्यात मुरलेला माणूस. सोयाबीनच्या पिशवीवरच्या लेबलाला उगवणीचं प्रमाण किमान ७० टक्के असतं; शंभराची भाषा कुठलाच शहाणा विक्रेता करत नाही. २०२० चा खरीप इथं कुणी विसरलेलं नाही. त्या वर्षी मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा खच पडला, दुबार पेरणीनं माणसं बेजार झाली आणि औरंगाबाद खंडपीठानं आपणहून दखल घेतली. तेव्हापासून शेतकरी रिकामी पिशवी, टॅग आणि बिल जपून ठेवतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून कोंब मोजतो. उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीकडं अर्ज, मग पाहणी, मग पंचनामा. अशा मुलखात फोनवरची बाई एका वाक्यात पैसे परत देऊन मोकळी झाली होती. तिला ते अधिकार कुणी दिले, हे दुकानदाराला माहीत नव्हतं. खरं म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं.

यंत्र बोलतंय याचं काकांना काहीच नव्हतं. त्यांना ते दुसऱ्या वाक्यालाच कळलं असावं, असा मला दाट संशय आहे. गाव विचारून त्यांनी खुंटा हलवून बघितला. उद्या काही झालं तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

हाच प्रश्न सातासमुद्रापार, थेट न्यायासनापुढं गेलेला आहे. कॅनडातला एक प्रवासी, आजी वारली म्हणून घाईनं तिकीट काढत होता. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटनं त्याला सांगितलं की आत्ता पूर्ण भाड्यानं जा, दुःखाच्या प्रसंगाची सवलत नंतर अर्ज करून मिळेल. कंपनीचा नियम नेमका उलटा होता. सवलत नाकारली तेव्हा तो ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणात गेला. तिथं कंपनीनं जो बचाव केला तो वाचून मी हसावं की रडावं अशा अवस्थेत होतो : चॅटबॉट ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे, तिच्या बोलण्याला ती स्वतः जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला. वेबसाइट तुमची, तिच्यावरचं सगळं तुमचं, भरा पैसे. रक्कम व्याज-खर्चासकट जेमतेम आठशे कॅनडियन डॉलर. एवढ्याशा रकमेपायी जगभर जी नाचक्की झाली ती कुठल्याही जाहिरातीनं भरून निघायची नाही. लोकांच्या डोक्यात राग बसला तो चुकीच्या माहितीचा थोडा आणि 'ते आमचं नव्हेच' या पवित्र्याचा फार.

त्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या एका शेव्हरोलेच्या डीलरकडं वेगळीच गंमत झाली होती. एका टारगटानं तिथल्या चॅटबॉटला आधी पढवलं, की गिऱ्हाईक काय म्हणेल त्याला हो म्हण आणि वर हा कायदेशीर सौदा आहे असंही म्हण. मग भलीमोठी टाहो गाडी एक डॉलरला मागितली. बॉट म्हणाला, दिली. गाडी अर्थातच मिळाली नाही, बॉट मात्र बंद करावा लागला. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या डीपीडी या कुरिअर कंपनीच्या बॉटनं गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून शिव्या दिल्या आणि आपलीच कंपनी किती भिकार आहे यावर कविता रचली.

या दोन्ही वेळेला लोक पोट धरून हसले. कॅनडाच्या वेळेला कुणी हसलं नाही. मला यातला फरक फार मोलाचा वाटतो. यंत्र चुकलं आणि तोटा मालकाचा झाला, तर लोकांसाठी तो तमाशा. तोटा गिऱ्हाइकाच्या अंगावर आला, तर त्याच चुकीला फसवणूक म्हणतात. म्हणून एखादी कंपनी 'आमचं सॉफ्टवेअर किती टक्के अचूक' याचे आकडे मला दाखवायला लागली की मी वेगळंच विचारतो : उरलेल्या टक्क्यांत पैसे कुणाच्या खिशातून जातात? बहुतेक बैठका इथंच थंड पडतात.

दुसऱ्याच्या हातात आपला व्यवहार सोपवणं आमच्याकडं नवीन नाही. मोंढा, म्हणजे आमच्याकडचा धान्यबाजार, चालतो तो त्याच्यावरच. शेतकरी सोयाबीनची गाडी आडत दुकानासमोर खाली करतो आणि पोराच्या फीचं बघायला नाहीतर दवाखान्यात निघून जातो. सौदा अडत्या करतो, माप होतं, हमाली-तोलाई वजा होऊन संध्याकाळी पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, हातात पडते. अडत्या संत असतो असं कुणी समजू नये. माल ओला आहे, माती आहे, असं म्हणून कडता कसा कापला जातो हे पोरासोरांना ठाऊक असतं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि दिवाळीच्या तोंडावर मोंढ्यात भाव त्याच्या पार खाली होता, तेव्हा अडत्यांच्या नावानं काय काय बोललं गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तरी गाडी पुन्हा त्याच दुकानासमोर लागते. कारण त्या विश्वासाला तीन बाजूंनी कुंपण असतं. जाताना शेतकरी सांगून जातो, "एवढ्याच्या खाली गेलं तर देऊ नका, मला फोन करा." झालेला व्यवहार पट्टीवर उतरलेला असतो. आणि अडत्याचं दुकान, घर, पोरीची सोयरीक, सगळं याच पंचक्रोशीत असतं.

आज बाजारात आलेल्या बहुतेक एजंटांना यातलं एकही कुंपण नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या कोड लिहिणाऱ्या एजंटचं प्रकरण गाजलं. तो कामाला लावणाऱ्या गिऱ्हाइकानं स्पष्ट सांगितलं होतं, सध्या कशालाही हात लावू नकोस. एजंटनं त्याचा चालू डेटाबेस पुसून टाकला. वर सांगितलं की आता काही परत येणार नाही. प्रत्यक्षात परत आणता येत होतं. कंपनीच्या प्रमुखानं माफी मागितली, चाचणीचा आणि चालू डेटा वेगळा ठेवायची सोय केली. लोकांच्या बोलण्यात पुसल्यापेक्षा दडपून सांगितल्याचीच चर्चा जास्त राहिली. मोंढ्यातही भाव पाडून विकल्याचं एकवेळ विसरतात. खोट्या पट्टीचं विसरत नाहीत.

आता एका आजीबद्दल. कॉलची रेकॉर्डिंग ऐकायला कंपनी देते. (त्या माणसांनी रेकॉर्डिंगला होकार दिला होता का, हा प्रश्न २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं आमच्या गळ्यात बांधलेला आहे, त्यावर मॅनेजर लोक घाईघाईनं विषय बदलतात.) एका रेकॉर्डिंगमध्ये नातवाच्या फोनवर आलेला कॉल आजीनं उचलला. खताचं बाजूलाच राहिलं. आजींनी त्या आवाजाला जेवण झालं का विचारलं, पुण्याला असलेल्या लेकाचं सांगितलं, सून कशी आहे ते सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, "तुझं लगीन झालं का गं बाय?" आवाज म्हणाला, "आपल्या आपुलकीबद्दल धन्यवाद." मागून नातू ओरडला, "आज्जे, मशीन हाय ती!" दोन क्षण काहीच नाही. मग आजी नातवाला म्हणाल्या, "मग येवडं बोलू कशाला दिलास मला?"

मॅनेजरच्या तक्त्यात हा कॉल 'उत्तम प्रतिसाद' या रकान्यात होता. कारण तो लांबला होता.

गूगलच्या बाबतीत हेच झालं होतं. मे २०१८ मध्ये सुंदर पिचाईंनी मंचावर ड्युप्लेक्स दाखवलं. यंत्रानं सलूनमध्ये फोन करून केस कापायची वेळ ठरवली, मध्येच माणसासारखा हुंकार भरला, आणि पलीकडच्या बाईला पत्ताही लागला नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. बाहेर लोकांनी विचारलं, त्या बाईला कुणी विचारलं होतं का? थोड्याच दिवसांत गूगलला म्हणावं लागलं की आमचं यंत्र आधी ओळख सांगेल. टाळ्या वाजवणारे कंपनीच्या बाजूनं ऐकत होते, चिडलेले सलूनवालीच्या बाजूनं. जाहिरातीच्या धंद्यातल्या माणसानं कुठल्या खुर्चीत बसून ऐकायचं हे एकदा ठरवलं की निम्मी भांडणं मिटतात. माझ्यापुरतं मी आजींच्या शेजारची जागा धरली आहे. अनोळखी माणसालाही 'जेवलात का' विचारणाऱ्या मुलखात यंत्राला माणसाचा मुखवटा चढवला, तर आपण लोकांचं अगत्य फुकट लाटतो. फसवणुकीचा गुन्हा नसेल तो, पण माणूस ओशाळतो. आणि ज्यानं ओशाळवलं त्याच्या दुकानात तो परत जात नाही.

मिरवण्याचं तर आणखीच वेगळं. २०२४ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत आर्टिसन नावाच्या कंपनीनं मोठमोठे फलक लावले, 'माणसं नोकरीला ठेवणं बंद करा.' ती विकत होती एआय विक्रेता. गदारोळ झाला, नाव सगळीकडं पोचलं, मालकांनी लक्ष वेधायलाच हे केल्याचं सांगितलं, आणि ती कंपनी स्वतः मात्र माणसं भरतच होती. आमच्या क्षेत्रातली तरुण पोरं याला भारी कॅम्पेन म्हणतात. लातूरच्या ट्यूशनच्या गल्लीत हा फलक लावून दाखवा, म्हणावं. तिथं शेत विकून, उचल घेऊन पोराला शिकवणारे बाप उभे असतात. बीडकडचा ऊसतोड कामगार सहा महिने कारखान्याच्या फडात कोयता चालवतो तो पोराच्या हातात कोयता नको म्हणून; आणि ते पोर शिकून पुण्याच्या कॉल सेंटरला लागतं, नेमक्या त्या खुर्चीवर जिच्यावर आता एजंटला बसवायचं चाललंय. क्लार्ना या स्वीडिश कंपनीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये अभिमानानं सांगितलं होतं की आमच्या एआयनं पहिल्या महिन्यात २३ लाख संभाषणं हाताळली, ७०० माणसांचं काम केलं. मे २०२५ मध्ये त्याच कंपनीचे प्रमुख म्हणाले की खर्चाच्या मागं लागून दर्जा घसरला, आता गिऱ्हाइकाला माणूस मिळेल याची सोय करतोय. खर्च वाचला तर वाचू द्या. तो गिऱ्हाइकापुढं मिरवायचा विषय नव्हे.

इतकं वाचून मी या सगळ्याच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम-किसानसाठी किसान ई-मित्र हा एआय चॅटबॉट सुरू केला, पुढं तो मराठीतही आला. हप्ता का अडकला, ई-केवायसी झाली का, हे विचारायला तालुक्याला खेटे घालण्यापेक्षा फोनवर विचारणं कुणाला नको आहे? राज्याचं शेतीसल्ल्याचं महाविस्तार ॲप आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं शेतीतल्या एआयसाठी वेगळं धोरण मंजूर केलं, ५०० कोटींची तरतूद केली. माझ्या ओळखीतली एक बाई, नवरा गेल्यावर पाच एकर एकटी बघते. रात्री सगळं आवरल्यावर ती फोनला विचारते, दोन औषधं एका पंपात मिसळली तर चालतात का. दुकानात विचारायला तिला नको वाटतं, कारण तिथं चार पुरुष बाकड्यावर बसलेले असतात आणि 'एवढंबी ठावं न्हाई का' असं तोंडानं नाही तरी डोळ्यांनी म्हणतात. यंत्राला डोळे नाहीत, हे तिला सोयीचं आहे. आमच्या कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही बैठकीत हा फायदा कुणी मांडलेला मी ऐकला नाही. सगळ्यांना यंत्र लोकांना फोन करायला हवंय. लोकांना ते आपण विचारू तेव्हाच बोलणारं हवं आहे.

आणि उद्या गिऱ्हाइकाचाही एजंट येणार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय, ऑनलाइन पैसे भरण्याची सोय देणारी रेझरपे आणि चॅटजीपीटीवाली ओपनएआय यांनी चॅटजीपीटीतूनच यूपीआयनं खरेदी करायचा प्रयोग जाहीर केला. शेतकऱ्याच्या वतीनं यंत्रच बियाणं शोधायला लागलं तर पिशवीवरच्या नटाच्या फोटोला ते भुलणार नाही. ते वाण बघेल, लॉट बघेल, उगवण बघेल, मागच्या वर्षीच्या तक्रारी बघेल. निम्म्या कंपन्यांच्या वेबसाइटवर ही माहिती धड सापडत नाही, हे मी पैजेवर सांगतो. विकणाऱ्या एजंटचीही गत बघून ठेवण्यासारखी आहे. अँथ्रॉपिक कंपनीनं २०२५ मध्ये आपल्या कचेरीतलं छोटं दुकान क्लॉड या एआयला चालवायला दिलं. तिथल्याच लोकांनी त्याला गोड बोलून सवलती उकळल्या, टंगस्टनचे ठोकळे मागवायला लावले, ते त्यानं खरेदीपेक्षा कमी भावात विकले. मध्येच तो निळा कोट आणि लाल टाय घालून स्वतः माल पोचवतो म्हणाला. दुकान तोट्यात गेलं. हा सगळा हिशेब कंपनीनं स्वतःहून छापला, म्हणून त्यांच्यावर फारसं कुणी चिडलं नाही. तरी सांगतो, ते दुकान उदगीरच्या बाजारात असतं तर दुपारपर्यंत तराजूसकट गेलं असतं.

तर यंदा आम्ही काम घेतलं ते अटी घालून. पहिल्याच वाक्यात सांगायचं की हे यंत्र आहे आणि अमुक कंपनीचं आहे. बाईचं नाव द्यायचं नाही. उगवण, भाव, परतावा हे शब्द आले की यंत्रानं थांबायचं आणि माणूस जोडून द्यायचा. कॉल संपला की जे बोलणं झालं ते मराठीत शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर जायचं, म्हणजे पट्टीच म्हणा. मॅनेजरनी यातलं बरंचसं कुरकुरत मान्य केलं. घोडं अडलं ते शेवटच्या ओळीवर. मेसेजच्या तळाशी तक्रारीसाठी नंबर कुणाचा?

कंपनी म्हणाली, टोल फ्री टाका. दुकानदार म्हणाले, टोल फ्री कुणी उचलत नाही, मग लोक आमच्याच गळ्याला येतात. मग तुमचाच टाकू का म्हटलं तर म्हणाले, बोलणार तुमचं यंत्र आन् शिव्या आम्ही खायच्या का? तालुक्याच्या कंपनी प्रतिनिधीला विचारलं. तो पोरगा चांगला आहे, पण तो म्हणाला, सर, माझी बदली कधीही होते. दोन बैठका यातच गेल्या. शेवटी कंपनीनं लेखी दिलं की यंत्रानं दिलेला शब्द कंपनीचा समजला जाईल, तेव्हा निलंगा आणि औशाच्या काही दुकानदारांनी आपले नंबर दिले. अहमदपूरकडच्यांनी अजून दिलेले नाहीत. तिथं आम्ही कॉल लावत नाही, जीपच फिरवतोय.